बॅक बॉयलर जोडताय? या चुका टाळा

आयर्लंडमधल्या बऱ्याच जुन्या घरांत बैठकीच्या खोलीतल्या शेगडीमागे पाण्याचं बंद पोलादी खोकं बसवलेलं असतं. शेगडी पेटली की खोली तापते आणि खोक्यातलं गरम पाणी सिलिंडरला (न्हाणीच्या गरम पाण्याच्या साठवण टाकीला) व भिंतीवरच्या रेडिएटरना उष्णता देतं. हाच बॅक बॉयलर. तिकडे घर घेतलेली मराठी मंडळी घर तापवणाऱ्या बॉयलरच्या केरोसीनचं बिल बघून तो जोडून घ्यायचं मनावर घेतात, आणि मग तेलाच्या बॉयलरचेच नियम त्याला लावतात. तेलाचा बॉयलर बटण दाबलं की विझतो. पेटलेला कोळसा विझत नाही; हवेची झडप पूर्ण बंद केली तरी तो बराच वेळ उष्णता देत राहतो. पुढच्या बहुतेक चुका ही गोष्ट विसरल्यामुळेच होतात.

सीलबंद यंत्रणेला थेट जोडणी

गॅसच्या कॉम्बी बॉयलरची (साठवण टाकीशिवाय नळाचं आणि रेडिएटरचं पाणी एकटाच तापवणाऱ्या बॉयलरची) यंत्रणा १ ते १.५ बार दाबावर बंद असते. तिच्यात शेगडीचं पाणी उकळलं तर वाफेला वाट नाही. आपल्या बंबाचं झाकण सैल असतं, म्हणून तो कितीही पेटवला तरी फुटत नाही. इथे तीच सोय पाइपाने करावी लागते. माळ्यावर छोटी भरण टाकी ठेवायची आणि बॉयलरपासून तिच्यावर सतत चढत जाणारा, किमान २२ मिलिमीटरचा उघडा पाइप न्यायचा. त्या पाइपवर कसलाही व्हॉल्व्ह नको, ‘दुरुस्तीला सोपं जावं म्हणून’सुद्धा नको.

पाणी तापून उकळीपर्यंत गेलं की सुमारे ४ टक्के फुगतं. यंत्रणेत १५० लिटर असेल तर ६ लिटर जादा पाण्याला टाकीत जागा हवी, म्हणून थंड असताना टाकी काठोकाठ भरू नका. टाकी उकळतं पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकचीच घ्या. साधी टाकी मऊ पडून बसली तर ते पाणी छतातून खाली येतं.

कॉम्बी ठेवायचाच असेल तर मध्ये प्लेट हीट एक्स्चेंजर (पाणी न मिसळता पत्र्यांमधून उष्णता पलीकडे देणारं यंत्र) किंवा थर्मल स्टोअर (उष्णता साठवणारी गरम पाण्याची टाकी) घालून दोन्ही पाणी वेगळी ठेवा. गॅसच्या बाजूला हात फक्त नोंदणीकृत माणसाने लावायचा.

सगळी भिस्त पंपावर

२४ जानेवारी २०२५ ला एओविन वादळात आयर्लंडमध्ये ७,६८,००० ग्राहकांची वीज गेली. अशा वेळी लोक शेगडी पेटवणारच, आणि पाणी फिरवणारा विजेचा पंप तर बंद. म्हणून बॉयलर ते सिलिंडर हा फेरा पंपाशिवाय, निव्वळ गरम पाणी वर चढतं या तत्त्वावर चालला पाहिजे. त्यासाठी २८ मिलिमीटरचा तांब्याचा पाइप, शेगडीपेक्षा उंचावर सिलिंडर आणि जाणाऱ्या पाइपला अखंड चढ. आडवी धाव जितकी कमी तितकं बरं. दाराच्या चौकटीखालून पाइप खाली घेऊन पुन्हा वर काढला की तिथे हवा अडकते आणि फेरा मरतो. या भागात प्लास्टिकचा पाइप, झोन व्हॉल्व्ह (घराच्या एकेका भागाचं पाणी विजेवर बंद करणारा) किंवा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा) बसवू नका.

जादा उष्णता जिरवायला याच फेऱ्यावर एक रेडिएटर कायम उघडा ठेवतात. त्याची क्षमता बॉयलरच्या पाणी तापवण्याच्या क्षमतेच्या निदान १० टक्के धरतात. त्याला थर्मोस्टॅटचा व्हॉल्व्ह किंवा हाताने फिरवायची चावी नको. पाहुणे आले की कुणीतरी हमखास ती बंद करतं.

शेगडीमागून गडगडाट ऐकू आला तर आधी हवेची झडप बंद करा आणि टाकीत पाणी आहे का पाहा. टाकी कोरडी असेल तर तापलेल्या बॉयलरमध्ये गार पाणी सोडू नका; तत्क्षणी वाफ होते. निखारे लोखंडी बादलीत काढा, बॉयलर पूर्ण निवू द्या, मग भरा. टाकी भरलेली असूनही आवाज येत असेल तर अडकलेली हवा, चुकलेला चढ किंवा गाळ शोधा.

माळ्यावरच्या उघड्या पाइपातून पंप चालू होताच पाणी पडत असेल, तर पंपाची जागा चुकली आहे. उघडा पाइप आणि टाकीचा भरण पाइप एकमेकांच्या १५० मिलिमीटरच्या आत जोडून पंप त्यांच्या पुढे हवा. दुर्लक्ष केलंत तर पाण्यात सतत हवा मिसळते आणि रेडिएटर आतून गंजतात.

गार पाणी परत बॉयलरमध्ये

पेटवल्या पेटवल्या पंप चालू केला की रेडिएटरमधलं गार पाणी बॉयलरवर येतं. थंड पोलादावर धुरातली वाफ आणि डांबर जमतं, चिमणी तुंबते, पत्रा गंजतो. बॉयलरमधून बाहेर जाणाऱ्या पाइपवर थर्मोस्टॅट बांधून पंप ५० ते ६० अंशांना सुरू होईल असं करा. पंप दर मिनिटाला चालू-बंद होत असेल तर परतीच्या वाटेवर ५५ अंशांचा लोड व्हॉल्व्ह (परतणारं पाणी पुरेसं गरम ठेवणारा) घाला. ओलं लाकूड जाळलंत तर मात्र कोणताही व्हॉल्व्ह बॉयलरला वाचवू शकत नाही.

क्षमतेचं गणित

शेगडी १२ किलोवॅटची असेल तर त्यातले ४ खोलीला, ८ पाण्याला, अशी विभागणी माहितीपत्रकात असते. सिलिंडर एकदा तापला की ते सगळे ८ रेडिएटरनीच घ्यायचे असतात. ६०० बाय १००० मिलिमीटरचा दुहेरी रेडिएटर साधारण १.७ किलोवॅट देतो, म्हणजे असे पाच हवेत. सिलिंडरचा वाटा वजा करून तीनच लावले की संध्याकाळी पाणी उकळतं.

हवेचंही असंच. इंग्लंडच्या पार्ट जे या बांधकाम नियमावलीत ड्राफ्ट स्टॅबिलायझर (चिमणीची ओढ आपोआप सांभाळणारी झडप) नसलेल्या बंद शेगडीला, जुन्या फटींच्या घरात ५ किलोवॅटच्या वर प्रत्येक किलोवॅटमागे ५५० चौरस मिलिमीटर कायमची झरोक्याची जागा सांगितली आहे: १२ किलोवॅटला ३८५०. नव्या हवाबंद घरात पहिल्या किलोवॅटपासून मोजायचं, म्हणजे ६६००. आयर्लंडमध्ये तिथलं पार्ट जे बघा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म दोन्हीकडे लावाच.

जुना बॅक बॉयलर वापरायचा नसेल तर नुसते पाइप कापून टोकं बुजवू नका. आत राहिलेल्या पाण्याची पुढच्या जाळाला वाफ होऊन बॉयलर फुटतो, आणि अशा स्फोटांत माणसं गेली आहेत. तो काढून टाका, नाहीतर पूर्ण रिकामा करून त्याला भोक पाडून ठेवा. कडाक्याच्या थंडीत माळ्यावरचे पाइप गोठल्याची शंका असेल तर त्यातला बर्फ वितळेपर्यंत शेगडी पेटवू नका.