साथीत बाजारपेठ उघडताना: आधी रेषा ठरवा, मग शटर वर करा

श्वसनातून पसरणाऱ्या साथीत बाजार बंद ठेवला की हातावर पोट असलेल्यांची चूल विझते, आणि कसाही उघडला की दवाखाने भरतात. दोन्ही नुकसान कमी ठेवायचं तर नगरपरिषद आणि व्यापारी संघाने बाजार उघडण्याआधीच कागदावर लिहून ठेवावं: कोणत्या आकड्याला ढील द्यायची आणि कोणत्या आकड्याला दोर आवळायचा. दुकानं सुरू झाल्यावर ही चर्चा काढली की ती दबावाची होते.

कोविडच्या साथीत महाराष्ट्र शासनाने काढलेल्या ४ जून २०२१ च्या आदेशाचा नमुना आजही उपयोगी आहे. चाचण्यांतलं बाधितांचं प्रमाण आणि ऑक्सिजन खाटांची व्याप्ती, या दोन मापांवर पाच स्तर ठरले. प्रमाण ५ टक्क्यांखाली आणि खाटा २५ टक्क्यांहून कमी भरलेल्या असतील तर पहिला स्तर. प्रमाण ५ ते १० टक्के किंवा खाटा ४० टक्क्यांवर भरलेल्या असतील तर तिसरा. प्रमाण २० टक्क्यांवर किंवा खाटा ७५ टक्क्यांवर गेल्या की पाचवा. गुरुवारच्या आकड्यांवरून सोमवारपासून स्तर लागू होई. मधले दिवस फार मोलाचे, कारण भाजीवाला आणि मिठाईवाला तेवढ्यात माल कमी मागवू शकतो. रात्री आदेश काढून सकाळी बाजार बंद केला, तर नाशवंत माल कुजतो आणि पुढच्या आदेशावर कुणी विश्वास ठेवत नाही.

आकडा मात्र नीट काढा. आठवड्यात १,२०० चाचण्या आणि ८४ बाधित म्हणजे ७ टक्के. त्यात लक्षणं नसलेल्या लोकांच्या अँटिजेन चाचण्या भरमसाट मिसळल्या, तर साथ तेवढीच राहूनही प्रमाण ४ टक्क्यांवर येतं. म्हणूनच २५ जून २०२१ नंतर राज्याने फक्त आरटीपीसीआरचं प्रमाण धरायला सांगितलं. लहान गावात आठवड्याला शंभरच चाचण्या होत असतील तर दोन आठवड्यांची बेरीज घ्या. दोन-तीन रुग्ण इकडेतिकडे झाल्याने स्तर बदलू नये. खाटांच्या टक्केवारीसोबत दाखल रुग्णांची संख्याही पाहा. नवं केंद्र सुरू झालं की छेद वाढतो आणि टक्का खाली येतो, रुग्ण मात्र तेवढेच असतात.

एका वेळी एकच गोष्ट उघडा आणि दोन आठवडे थांबा. लागण झाल्यापासून दाखल होईपर्यंत दहा-बारा दिवस सहज जातात. सोमवारी दुकानं, शुक्रवारी मंगल कार्यालयं आणि पुढच्या सोमवारी आठवडी बाजार असं केलं, तर रुग्ण कशामुळे वाढले ते कळत नाही आणि मग सगळंच बंद करावं लागतं.

सर्वांत जास्त होणारी चूक वेळ कापण्याची. दिवसाला २,४०० गिऱ्हाईक येणारी पेठ बारा तास उघडी असेल तर तासाला २०० माणसं येतात. आठ तासांत तीच ३०० होतात. दुपारी चारला शटर पाडण्याचा नियम असला की तीन वाजता रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. आमच्या मते तास वाढवावेत आणि दाटी कमी करावी. आठवडी बाजार मैदानात हलवा. पथाऱ्या चुन्याने आखून दोन पथाऱ्यांत सहा फूट ठेवा, येण्याची वाट वेगळी, जाण्याची वेगळी. घाऊक बाजाराकडे आधी लक्ष द्या: मे २०२० मध्ये वाशीचा बाजार आठवडाभर बंद करावा लागला आणि चेन्नईच्या कोयंबेडू बाजारातून संसर्ग जिल्ह्याजिल्ह्यांत गेला. ट्रकना वेळा वाटून द्या, किरकोळ गिऱ्हाईक तिथे येऊ देऊ नका.

दुकानाची क्षमता अंदाजाने लिहू नका. ३०० चौरस फुटांचा गाळा, त्यातून काउंटर आणि रॅकचे १२० वजा, उरले १८०. माणशी ३६ चौरस फूट धरले तर नोकरांसह पाच जण. ही संख्या दारावर मोठ्या अक्षरात लावा.

रस्त्यावर औषध फवारण्यात पैसा घालू नका. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२० मध्येच ते टाळायला सांगितलं होतं. तो पैसा हवेवर खर्चा. मागच्या भिंतीत बाहेर हवा फेकणारा एक्झॉस्ट फॅन आणि पुढचं दार उघडं, एवढ्याने दारं लावून एसी चालवणाऱ्या दुकानापेक्षा पुष्कळ फरक पडतो. माणसांनी श्वासातून सोडलेली हवा किती कोंडली आहे ते कार्बन डायऑक्साइडच्या मीटरवरून कळतं; तो मिळाला तर गर्दीच्या वेळी आकडा ८०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ८०० भाग) आत ठेवा. उघड्यावर तो साधारण ४२० असतो.

आणि हमाल, मापाडी, डिलिव्हरीची मुलं यांचा विचार नियमावलीत पहिल्या पानावर हवा. रोजंदारी बुडते म्हणून माणूस ताप लपवून पाठीवर पोती घेतो, त्याला दोष देणं अन्यायाचं आहे. संघाने गाळ्यामागे वर्गणी काढून आजारी कामगाराला किमान सात दिवसांची मजुरी द्यावी आणि ती ताप सांगितल्याच्या दिवशीच हातात पडावी. चाचणीच्या अहवालाची अट घातली तर अहवाल येईपर्यंत तो कामावरच असतो.