तुर्कीच्या छात्राध्यापकांकडून सराव पाठ कसे बसवून घ्यावेत

कोल्हापुरात तुर्कीचा वर्ग भरला, तर समोरची मुलं बहुतेक मराठीच असणार. मराठी मुलगा नेमका कुठे अडखळेल, हे छात्राध्यापकाच्या, म्हणजे शिकाऊ शिक्षकाच्या, पाठ टाचणात (पाठाच्या लेखी आराखड्यात) दिसलं पाहिजे. नुसतं व्याकरण तोंडपाठ असून भागत नाही.

सुरुवात उच्चारांनी. अक्षरं २९, त्यांत स्वर ८. 'ई' म्हणताना जीभ न हलवता ओठ गोल केले की एक नवा स्वर, 'ए' म्हणताना केले की दुसरा. 'उ' म्हणताना ओठ पसरले की तिसरा. प्रत्येकाच्या हातात छोटा आरसा द्या. ओठांबरोबर जीभही मागे गेली की साधा 'उ' किंवा 'ओ' निघतो. रोमन 'सी' तुर्कीत 'ज' असतो, तोही 'जीव'मधला; 'जग'मधला नव्हे. फळ्यावर देवनागरीत उच्चार लिहायची सवय मात्र लागूच देऊ नका.

प्रत्ययांसाठी आपलीच गावं घ्या. 'मध्ये' या अर्थाचा प्रत्यय शेवटच्या स्वरावर ठरतो: कोल्हापूर-दा, सातारा-दा, पण सांगली-दे, पुणे-दे. नियम आधी सांगू नका. गावांच्या चिठ्ठ्या दोन गटांत लावायला द्या, मुलांना तो आपोआप सापडतो. शेवटी नाशिक काढा. सगळे 'नाशिक-दे' म्हणतील. 'क'सारख्या अघोष (उच्चारताना गळा थरथरत नाही अशा) व्यंजनानंतर 'द'चा 'त' होतो, म्हणून 'नाशिक-ते'. लिहिताना गावाचं नाव आणि प्रत्यय यांच्यामध्ये अपॉस्ट्रॉफी हवी.

खरी गोची आपल्या 'ला'ची. 'अलीला बघितलं' आणि 'अलीला दिलं', मराठीत दोन्हीकडे 'ला'. तुर्कीत पहिलं 'अलीयी', दुसरं 'अलीये'. शिवाय कुठलातरी सिनेमा पाहिला तर 'फिल्म इझ्लेदिम', ठरावीक पाहिला तर 'फिल्मी इझ्लेदिम'. मराठीत दोन्हीला 'सिनेमा पाहिला' चालतं, त्यामुळे भाषांतर करून घेतलं की मुलं तो 'ई' गाळणारच. त्याऐवजी भिंतीवर पोस्टर लावून त्याच सिनेमाबद्दल विचारा, मग पोस्टर काढून 'काल काय केलंस?' विचारा. 'अली'चा पाठ वेगळ्या दिवशी घ्या. नवे छात्राध्यापक दोन्ही एकदम कोंबतात आणि सरावाला वेळच उरत नाही.

वेळेचं गणित बी.एड.च्या सूक्ष्म अध्यापनाचंच (छोट्या गटापुढे थोडक्या वेळात शिकवायच्या सरावाचं) ठेवा: अध्यापन ६ मिनिटं, प्रत्याभरण (फीडबॅक) ६, पुनर्नियोजन १२, पुनर्अध्यापन ६, पुन्हा प्रत्याभरण ६; एकूण ३६. निरीक्षकाने शेरे मारण्यापेक्षा किती मुलं पूर्ण वाक्य बोलली ते मोजावं.

कर्ता-कर्म-क्रियापद हा क्रम आपल्यासारखाच. तो-ती-ते तिन्हींना एकच 'ओ'. यांवर वेळ घालवू नका. संख्येनंतर मात्र अनेकवचन लागत नाही: पाच पुस्तकं म्हणजे 'बेश किताप'. 'गेल्दी' म्हणजे आला, 'गेल्मिश' म्हणजे आला म्हणे. हे मराठी मुलांना पटकन कळतं, तरी साधा भूतकाळ पक्का होईपर्यंत टाचणात घेऊ नका.