कुडाळहून ड्युटीला जाताना: जंपसीटच्या भरवशावर निघण्याआधी

भाची पायलट झाली. तिचं लाइन ट्रेनिंग (प्रवासी विमानावरचं शेवटचं प्रशिक्षण) संपलं, बेस, म्हणजे जिथून ड्युटी सुरू होते ते ठिकाण, मुंबई मिळाला, आणि तिने घरात जाहीर केलं की अंधेरीत खोली घेणार नाही, कुडाळहूनच ये-जा करणार. गोव्यातल्या मोपा विमानतळाहून कंपनीचं विमान आहे, सीट नसली तर जंपसीट, म्हणजे कॉकपिटमधली जादा खुर्ची, आहेच. आजीला तर यात अडचणच दिसेना. "इमान तुझाच मां, मगे जागा कशी गावणा नाय?" मी स्वतः अशी ये-जा बरीच वर्षं केली, म्हणून तिला ही यादी लिहून दिली.

बाय, पहिली तयारी बॅगेची नाही, डोक्याची. कॉकपिटमधली ती घडीची खुर्ची तुझी नाही, त्या दिवशीच्या कॅप्टनची आहे. आपल्यात भटाला ओसरी दिल्याची म्हण आहे, ती तिथे बसताना आठव. अमेरिकेतल्या पायलटांचे किस्से ऐकून इथल्या गेटवर हक्क सांगू नकोस. तिथे कंपन्या-कंपन्यांचे आपसात करार आहेत, त्यामुळे एकीचा पायलट दुसरीच्या जंपसीटवर फुकट बसून कामाला जातो. गेटवर 'कॅस' नावाच्या यंत्रणेत त्याची नोकरी आणि फोटो पडताळतात. ११ सप्टेंबर २००१ नंतर परक्या कंपनीच्या पायलटांना कॉकपिट बंदच झालं होतं, ते या पडताळणीमुळे पुन्हा उघडलं. आणि एवढं सगळं असूनही शेवटचा शब्द तिथेही कॅप्टनचाच.

इथे काय चालतं ते कंपनीच्या ऑपरेशन्स मॅन्युअलमध्ये स्वतः वाच, बॅचमेटच्या ग्रुपवर विचारू नकोस. दिल्ली–दुबई विमानाचं २०२३ मधलं प्रकरण तुला माहीत आहे. कंपनीचीच कर्मचारी, पण प्रवासी म्हणून निघालेली, आणि कॅप्टनने तिला कॉकपिटमध्ये घेतलं. विमान वाहतुकीवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी डीजीसीएने कंपनीला ३० लाखांचा दंड केला आणि कॅप्टनचं लायसन्स तीन महिन्यांसाठी निलंबित केलं. तू नवी आहेस. तुझ्या आग्रहापायी दुसऱ्याचं लायसन्स अडकेल असं काही मागू नकोस.

कागद आदल्या रात्रीच एका पाकिटात घाल: कंपनीचं ओळखपत्र, विमानतळाचा प्रवेश पास, लायसन्स, मेडिकलचं प्रमाणपत्र. पासची मुदत बघ. माझी एकदा आदल्या दिवशी संपली होती आणि गेटवरच्या जवानाने अगदी नम्रपणे मला परत पाठवलं. काउंटरवर लवकर जा, कारण जंपसीटवरच्या माणसाचंही वजन लोडशीटमध्ये, म्हणजे विमानातल्या वजनाच्या हिशोबात, धरावं लागतं. शीट बंद झाल्यावर धापा टाकत आलेला सहकारी कोणालाच आवडत नाही. एटीआर, म्हणजे पंख्याचं छोटं विमान, असेल तर कॉकपिटमध्ये मागे एकच खुर्ची असते, आणि त्या दिवशी कोणी तपासनीस बसणार असेल तर तुझा विषय संपला. कॅप्टनला स्वतः भेटून विचार. मोठ्या ओळखीचं नाव सांगू नकोस.

आत बसलीस की पट्टे, ऑक्सिजन मास्क आणि लाइफ जॅकेट कुठे आहे ते विचारून घे. दहा हजार फुटांखाली गप्पा नाहीत. पण काही चुकताना दिसलं तर गप्पही बसू नकोस. २८ ऑक्टोबर २०१८ ला इंडोनेशियाच्या लायन एअरचं बोइंग ७३७ मॅक्स विमान बालीहून जकार्ताला जाताना नाक खाली घालू लागलं, तेव्हा जंपसीटवर बसलेल्या तिसऱ्या पायलटने मदत केली आणि विमान पोचलं. तेच विमान दुसऱ्या दिवशी दुसऱ्या क्रूकडे गेलं आणि १८९ माणसं गेली. याची दुसरी बाजूही आहे. २०२३ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत जंपसीटवरच्याच पायलटने चालू इंजिनांची आग विझवण्याची हँडल (ओढली की इंजिन बंद पडतं) ओढायचा प्रयत्न केला. तेव्हा एखाद्या कॅप्टनने तुला नको म्हटलं तर तोंड पाडू नकोस.

आता झोपेचं. यावर तुझी आई माझ्याशी भांडते, पण लिहितोच. कंपनीने पोझिशनिंगला, म्हणजे ड्युटीच्या जागी प्रवासी म्हणून, पाठवलं तर तो वेळ ड्युटीत मोजला जातो. तू कुडाळहून हौसेने आलीस तर तो कुठेच मोजला जात नाही, फक्त तुझ्या डोळ्यांत मोजला जातो. १२ फेब्रुवारी २००९ ला अमेरिकेत बफेलोजवळ कोल्गन कंपनीचं विमान पडलं, ५० माणसं गेली. त्याची को-पायलट आदल्या रात्री सिएटलहून मालवाहू विमानांच्या जंपसीटवरून देशाच्या दुसऱ्या टोकाला, नेवार्कला, ड्युटीसाठी पोचली होती. ब्रिटनच्या जुन्या नियमावलीत सल्ला होता की घर बेसपासून दीड तासापेक्षा लांब असेल तर जवळ मुक्कामाची सोय बघा. कुडाळहून दीड तासात तू फार तर मोपाच्या काउंटरवर पोचशील. म्हणून पहाटेची ड्युटी असेल तर आदल्या दुपारीच मुंबई गाठायची. चौघींत मिळून एक खाट भाड्याने घे. खाट म्हणतोय, फ्लॅट नव्हे.

दोन विमानं हुकली तरी रिपोर्टिंग चुकणार नाही, असाच हिशोब धर, आणि तिसरा मार्ग रेल्वेचा ठेव. कोकणकन्या किंवा तुतारीचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. तुझा रोस्टर (ड्युट्यांचं वेळापत्रक) तेव्हा आलेला नसतो, तरी अंदाजाने काढून ठेव, रद्द करताना थोडे पैसे जातात ते जाऊ देत. मे महिन्यात आणि गणपतीत ऐन वेळी तिकीट मिळेल ही आशाच नको. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेगळं वेळापत्रक लागतं, गाड्या हळू चालतात. ज्या दिवशी ढगांमुळे आपल्या सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाचं विमान फिरतं, त्या दिवशी सगळं कुडाळ स्टेशनवरच भेटतं.

लग्नकार्यात, शिमग्यात फेणीचा पेला पुढे आला तर घड्याळ बघ: ड्युटीआधी बारा तास हा नियम, आणि ब्रेथ अॅनालायझरला शून्यच लागतं. मद्यार्क असलेला माउथवॉशही डीजीसीएने बंद केला आहे. खोकल्याच्या औषधाची बाटली वाच.

राहिली आजीची पिशवी. सुकट आणि बांगडा कॉकपिटमध्ये नेऊ नकोस; बंद दारामागे दोन माणसांना तासभर तो वास, पुढच्या वेळी तुला कोण घेईल? सुकं खोबरं तर नकोच. तेलामुळे आपोआप तापून पेट घेणाऱ्या मालात ते मोडतं, सामानात चालत नाही. आजीला हे मी दोनदा समजावलं. तिने मान हलवली आणि खोबरं चटणीत कुटून डब्यात भरलं. डबा निघताना घरीच उघडून बघ.