श्रीमंत, एकट्या बाईंची सोबत कशी करावी

मी सोबतीचं काम करते. वडिलोपार्जित संपत्ती एकटीच्या नावावर आलेली, वय झालेली, मूलबाळ नसलेली किंवा मुलांशी बोलणं तुटलेली एखादी बाई मोठ्या घरात राहत असते. दिवसभर तिच्याजवळ कुणीतरी असावं म्हणून तिचे नातलग किंवा वकील माझ्यासारखीला नेमतात. औषधं नर्स देते, हिशेब अकाउंटंट बघतो, आपण जवळ बसायचं असतं. बोलायला हे सोपं वाटतं. या कामाला नव्याने लागणाऱ्यांसाठी आणि अशा आत्या-मावशी असलेल्या भाच्या-पुतण्यांसाठी मी हे लिहिते आहे.

पहिल्या आठवड्यात घरातलं काहीही बदलायला जाऊ नका. एक यादी मात्र करा: बाईंच्या खोलीत कोण कोण येतं आणि त्याला पैसे कोण देतं. मी ज्यांच्याकडे सगळ्यांत जास्त काळ होते, त्या बाईंकडे डॉक्टर, व्यायाम करून घेणारी, केस कापणारी, ड्रायव्हर, माळी, अकाउंटंट, दोन नर्स आणि मी, एवढ्या माणसांचा राबता होता. घर कसं गजबजलेलं वाटायचं. पण यादी लिहून काढल्यावर दिसलं की प्रत्येकाचा पगार किंवा बिल बाईंच्याच खात्यातून निघतं. आपण होऊन, सहज म्हणून येणारं माणूस त्या यादीत एकही नव्हतं. घरात इतकी वर्दळ असल्यामुळे हा एकटेपणा नातलगांच्या लक्षातच येत नाही. ‘तिच्या दिमतीला दहा माणसं आहेत, तिला काय कमी?’ असं म्हणून ते मोकळे होतात.

अशा बाईंना समोरच्याची माया खरी की पगारी, हे ओळखायची संधीच लहानपणापासून मिळालेली नसते. बार्बरा हटनचं आयुष्य बघा. आजोबा फ्रँक वूलवर्थ यांच्या दुकानांच्या साखळीतला पैसा तिच्या वाट्याला आला. जन्म १९१२चा, आई १९१७ मध्ये गेली, म्हणजे पुरतं कळण्याआधीच. १९३० मध्ये, अमेरिकेत मंदीने लोकांच्या नोकऱ्या जात असताना, न्यूयॉर्कमध्ये तिच्यासाठी भव्य नाचाची मेजवानी झाली आणि वर्तमानपत्रांनी तिला बिचारी श्रीमंत पोर ठरवून टाकलं. पुढे तिने सात लग्नं केली. घटस्फोटात तिच्याकडून पैसे न घेणारा नवरा म्हणून नाव घेतलं जातं ते अभिनेते कॅरी ग्रँट यांचं, आणि त्यांच्याशी तिची मैत्री घटस्फोटानंतरही टिकली. १९७२ मध्ये एकुलता एक मुलगा विमान अपघातात गेला, १९७९ मध्ये ती स्वतः गेली. कॅरी ग्रँटवाला तपशील मी नव्या मुलींना मुद्दाम सांगते. मैत्री टिकली, कारण मध्ये पैशाचा व्यवहार उरला नव्हता.

तेव्हा बाई तुमची परीक्षा बघणार हे धरून चाला. टेबलावर नोटा राहतील, अंगठी बाथरूममध्ये विसरली जाईल. राग मानू नका. नोटा होत्या तिथेच राहू द्या, अंगठी सगळ्यांसमोर हातात द्या आणि त्यावर एक शब्दही बोलू नका. ‘मी तशी नाही हो बाई’ असं म्हणालात की विषय पुन्हा पैशावर गेला.

खरी कसोटी भेटवस्तूंची. नोकरी धरतानाच कागदावर लिहून घ्या: पगार किती, सुट्टी कधी आणि पगाराबाहेर एकही वस्तू किंवा रक्कम स्वीकारणार नाही. हे कलम तुमच्या भल्याचं आहे, कारण नाही म्हणताना ते पुढे करता येतं. तरी नुसतं नाही म्हणून भागत नाही. देणारीचा हात रिकामा परत पाठवला तर ती दुखावते. एका दुपारी आमच्या बाईंनी मखमली डबी माझ्यापुढे सरकवली. आत पोवळ्याचा ब्रोच होता, मागची पिन जराशी वाकलेली. मी डबी उघडीच त्यांच्या मांडीवर ठेवली आणि विचारलं, “ही पिन कशी वाकली?” त्यावर अंधार पडेपर्यंत त्या बोलत होत्या. कुठल्या लग्नात तो लावला होता, गर्दीत कुणाच्या कोटात अडकला, तो माणूस किती वेळ माफी मागत राहिला, पुढे त्याची पत्रं यायची आणि त्यांच्या वडिलांनी ती कशी बंद केली. मग त्यांनीच डबी मिटून कपाटात ठेवली. माझी रीत आता तीच आहे: वस्तू परत, गोष्ट ठेवून घ्यायची. बहुतेक वेळा बाईंना द्यायची गोष्टच असते.

तरीही घरातून वस्तू जातातच. ड्रायव्हरच्या मुलीच्या फीचे पैसे, नर्सला शाल, माळ्याला घड्याळ. त्यासाठी एक वही ठेवा. तारीख, वस्तू, अंदाजे किंमत, कुणाला दिली, तेव्हा खोलीत आणखी कोण होतं. बाईंची सही शक्य तर त्याच दिवशी घ्या. महिनाअखेरीस एक प्रत वकिलांकडे आणि एक अकाउंटंटकडे पाठवा, आणि हे दोघे एकाच कचेरीतले नसावेत. नोकरमाणसं सुरुवातीला कुरकुरतात, पण ज्याला हक्काचं मिळालंय त्यालाच पुढे या वहीचा आधार होतो.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. तुम्ही बाईंचं एकुलतं एक माणूस होऊ नका. तुम्ही प्रामाणिक असाल तरी नाही. किंबहुना प्रामाणिक असाल तेव्हा जास्त जपा, कारण तेव्हा घसरण कळत नाही.

ह्युगेट क्लार्क यांची हकीकत या कामातल्या प्रत्येकीने नीट वाचावी. जन्म पॅरिसमधला, १९०६चा. वडील विल्यम क्लार्क तांब्याच्या खाणींचे मालक आणि अमेरिकेतल्या मोंटाना राज्याचे सिनेटर. न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर त्यांनी १२१ खोल्यांचा वाडा बांधला. थोरली बहीण १९१९ मध्ये मेंदूच्या आवरणाच्या दाहाने गेली, वडील १९२५ मध्ये. १९२८ मध्ये झालेलं लग्न १९३० मध्ये मोडलं. त्यानंतर ह्युगेट हळूहळू आत आत सरकत गेल्या. १९६३ मध्ये आई गेल्यावर तर बाहेरच्या जगाशी संबंध पत्रं आणि फोन यांपुरताच उरला. सँटा बार्बराला समुद्रकाठी टुमदार हवेली, कनेक्टिकटमध्ये बंगला. पहिल्या घराकडे पुढची कित्येक दशकं त्या फिरकल्या नाहीत, दुसऱ्यात कधी राहायलाच गेल्या नाहीत, तरी दोन्हींची देखभाल चालू. १९९१ मध्ये चेहऱ्यावरच्या कर्करोगावर उपचारासाठी त्यांना रुग्णालयात नेलं. उपचार झाले, प्रकृती सुधारली, आणि तरी त्या घरी परतल्या नाहीत. २०११ मध्ये १०४व्या वर्षी वारल्या तोवर, सुमारे वीस वर्षं, त्या रुग्णालयातल्या साध्या खोल्यांतच राहिल्या.

त्या काळात त्यांच्याजवळ असायची ती एक खासगी नर्स, वर्षानुवर्षं, रोज बारा-बारा तास. त्या नर्सला आणि तिच्या कुटुंबाला मिळालेल्या भेटींची बेरीज सुमारे ३ कोटी १० लाख डॉलर झाली. २००५ मध्ये ह्युगेट यांनी सहा आठवड्यांच्या अंतराने दोन मृत्युपत्रांवर सह्या केल्या. पहिल्यात बहुतेक संपत्ती नातलगांना होती, दुसऱ्यात नातलगांना काहीच नव्हतं. प्रकरण न्यायालयात गेलं आणि २०१३ मध्ये तडजोड झाली. नर्सला ५० लाख डॉलर परत करावे लागले.

मला त्या नर्सवर दगड मारायचे नाहीत. बारा तास जवळ बसणारं दुसरं कुणीच नव्हतं, हेही तितकंच खरं. नातलगांपैकी बहुतेकांनी त्यांना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं, काहींनी तर कधीच नाही. पण एका माणसावर सगळा भार पडला की माया, आभार, भीती आणि पैसा यांचा असा गुंता होतो की पुढे न्यायाधीशालाही तो सुटा करता येत नाही. म्हणून नेमणुकीच्या वेळीच आठवड्याला निदान एक पूर्ण दिवस दुसरी सोबतीण मागून घ्या. बाई म्हणतील, “मला तूच हवीस.” ऐकून बरं वाटतं. तरी सुट्टी घ्या.

मग दुसरी माणसं आणायची कुठून? ‘ओळखी वाढवा’ असा सल्ला अशा बाईंच्या उपयोगाचा नाही. नवा ओळखीचा म्हणजे नवा मागणारा, हे त्यांनी जन्मभर पाहिलेलं असतं. बाईंना मनापासून येतं असं काही शोधा आणि त्या गोष्टीच्या निमित्ताने माणसं येऊ द्या. ह्युगेट यांना बाहुल्यांचा आणि जपानी वाड्यांच्या छोट्या प्रतिकृतींचा ध्यास होता. त्या प्रतिकृती त्या कारागिरांकडून बनवून घेत, बारीकसारीक तपशिलासाठी हटून बसत. लोक याला विक्षिप्तपणा म्हणाले. मला त्यात एका जाणकार बाईचा हट्ट दिसतो, आणि तो हट्ट समजणाऱ्या माणसांना त्या खोलीत वारंवार बोलवायला हवं होतं असं वाटतं.

आमच्या बाईंना ब्रिज येत असे. पत्त्यांच्या या खेळाला चौघं लागतात, म्हणजे बाईंखेरीज तिघं आपोआप आली. पूर्वीही डाव मांडले जायचे, पण ते सगळे घरच्या नोकरमाणसांबरोबर आणि बाई कायम जिंकायच्या, म्हणून त्यांनी पत्ते कपाटात टाकले होते. मी नुसत्या खेळाच्या ओढीने येतील अशी माणसं शोधली. त्यांतल्या एक निवृत्त गणिताच्या शिक्षिका. पहिल्याच दिवशी बाईंनी हातात इस्पिकची चार लहान पानं धरून उंच बोली लावली, डाव बुडवला, आणि त्या शिक्षिकेने पानं खाली ठेवून स्पष्ट सुनावलं, “एवढ्या पानांवर बोली लावायची नसते. माझ्या हातातले दोन्ही हुकूम वाया घालवलेत.” नर्स दारातच थिजली. बाईंचे कान लाल झाले. आणि पुढच्या बुधवारी त्या साडेतीनपासूनच टेबलापाशी येऊन बसल्या, पानं पिसत. त्या घरात त्यांना चुकीचं चुकीचं म्हणणारं माणूस किती काळाने आलं असेल! तेव्हा बाईंना मुद्दाम जिंकू देऊ नका. आणि खेळायला येणाऱ्यांना येण्या-जाण्याचं भाडंसुद्धा देऊ करू नका. एकदा दिलंत की तेही यादीत गेले.

फोनचं थोडक्यात. बाईंच्या वतीने फोन घ्या, पण ‘झोपल्यात’ असं खोटं कधीच सांगू नका. कुणाचा फोन आला होता ते त्यांना सांगा, बोलायचं की नाही ते त्या ठरवतील. भाच्या-पुतण्यांनो, महिन्यातून एकदा तासभर बोलण्यापेक्षा ठरलेल्या वारी दहा मिनिटं बोला, आणि तब्येत किंवा घराच्या कागदपत्रांपासून सुरुवात करू नका. त्यांना काहीतरी विचारा, ज्याचं उत्तर फक्त त्यांनाच ठाऊक आहे.

एकांत आवडणाऱ्या बाईही असतात. सगळ्याच बिचाऱ्या नसतात. दुपारभर दार लावून वाचत बसल्या तर बसू द्या. काळजी तेव्हा करायची, जेव्हा दार दुसरंच कुणीतरी लावू लागतं. जुना नोकर एकाएकी काढला जातो, फोन नंबर बदलतो, ‘त्यांना आता भेटायला नको’ हे वाक्य बाईंऐवजी भलताच माणूस बोलतो, कागद संध्याकाळी, थकलेल्या वेळी सहीला येतात. लोरेआल कंपनीच्या वारसदार लिलियान बेतांकूर यांच्या बाबतीत मुलीने २००७ मध्ये तक्रार केली, ती आईने एका छायाचित्रकाराला दिलेल्या प्रचंड भेटींवरून. घरच्या बटलरने चोरून केलेली ध्वनिमुद्रणं २०१० मध्ये बाहेर आली, २०११ मध्ये न्यायालयाने त्यांना कुटुंबाच्या देखरेखीखाली ठेवलं, २०१५ मध्ये तो छायाचित्रकार दोषी ठरला. माय-लेकींचं बोलणं मात्र त्या खटल्यांत पार विस्कटून गेलं. तक्रार करण्याची वेळ येण्याआधी कुणीतरी नोंद ठेवलेली असती तर, असं मला वाटत राहतं. म्हणून वर सांगितलेल्या लक्षणांपैकी एक जरी दिसलं तरी तारखेसह लिहा आणि ज्यांनी तुम्हाला नेमलं त्यांना लेखी कळवा. चोरून काही मुद्रित करायला मात्र जाऊ नका.

सहीच्या वेळी खोलीबाहेर जा. मृत्युपत्र असो, कुलमुखत्यारपत्र असो, बाईंनी कितीही हात धरला तरी. बाईंचा स्वतःचा वकील हवा, ज्याला त्या मृत्युपत्रातून काही मिळत नाही असा, आणि मनाने त्या शुद्धीत आहेत हे त्याच दिवशी तपासणारा डॉक्टरही. साक्षीदार म्हणून तुम्ही सही करू नका. बाहेर बसा, आणि आत किती वाजता कोण गेलं ते वहीत लिहा.

आणि कधी कानावर आलं की बाईंनी तुमचं नाव मृत्युपत्रात घातलंय, तर त्याच दिवशी वकिलांना पत्र लिहा: मला हे आज कळलं, मी ते मागितलेलं नाही, बाईंशी तुम्ही माझ्या गैरहजेरीत पुन्हा बोलावं. पत्राची पोच घ्या. बाईंनाही सांगा की असं पत्र पाठवलंय. त्या चिडतील, कदाचित दोन दिवस बोलणार नाहीत. बुधवारी तिघं आली की पानं वाटायला बसा.