दोनशेच्या बीआरएमआधी मानेची तयारी

दोनशे किमीच्या बीआरएमला (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राईड) साडेतेरा तास मिळतात, त्यातले नऊ-दहा तास तरी सॅडलवर जाणार आणि तेवढा वेळ पाचेक किलोचं डोकं मानेने उचलून धरायचंय, म्हणून तयारी तीन आठवडे आधी सुरू करा, आदल्या रात्री मलम चोळून काही होत नाही. आणि सुरुवात मानेपासून नाही, सॅडलपासून करा. मोबाईलमधलं लेव्हल अ‍ॅप सॅडलवर ठेवून बघा, नाक (पुढचं टोक) जास्त खाली असेल तर अंग पुढे घसरतं, सगळा भार हातांवर येतो, कोपरं ताठ होतात, खांदे कानाला चिकटतात आणि मग बोंब मारते ती मान. त्यानंतर रीच, म्हणजे सॅडलपासून हँडलपर्यंतचं अंतर. हूड्सवर (ब्रेक लिव्हरच्या रबरी मुठींवर) हात ठेवल्यावर कोपरात थोडा तरी बाक राहिला पाहिजे, नसेल राहत तर स्टेमच्या (हँडल धरून ठेवणारा तुकडा) वरचे स्पेसर (गोल चकत्या) त्याच्या खाली घ्या, स्टेम उलटा करून बघा, तेवढ्यानेही नाही भागलं तर १० मिमी छोटा स्टेम टाका. नट किती आवळायचा ते स्टेमवर छापलेलं असतं, टॉर्क रेंच नसेल तर दुकानातच करून घ्या. पण प्लीज एका वेळी एकच बदल, त्यावर चाळीस-पन्नास किमी मारायचे, मगच पुढचा, नाहीतर कशाने फरक पडला ते कळतच नाही.

हेल्मेटचा व्हायझर काढून टाका, तो आणि जाड फ्रेमचा गॉगल आडवा आला की पुढचा रस्ता दिसायला मान अजून वर करावी लागते. पाठीवर सॅक नको, सॅडलबॅग लावा. टायरवर छापलेलं कमाल प्रेशर भरायचं नाही, आपल्या रस्त्यांवर प्रत्येक खड्ड्याचा दणका थेट खांद्यात जातो.

घरी रोज दहा मिनिटं द्या: हनुवटी सरळ मागे ओढून पाच सेकंद धरायची असं दहा वेळा, भुजंगासन, प्लँक. पोटपाठीत दम नसला की भार परत हातांवर येतो.

राईडमध्ये पंधरा-वीस मिनिटांनी हाताची जागा बदला. खंबाटकीसारख्या चढाला स्पीड कमीच असतो, तिथे टॉप्स (हँडलचा वरचा सरळ भाग) धरून ताठ बसा आणि खांदे सोडा, उतारावर मात्र मान फिरवत बसू नका. कंट्रोलवर (वाटेतल्या नोंदणीच्या थांब्यावर) कार्डावर शिक्का मारून घेतला की दोन मिनिटं सायकल सोडून उभे रहा.

१९८३ च्या रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका या देश आडवा पार करायच्या सायकल शर्यतीत मायकल शर्मर या सायकलपटूची मान इतकी थकली की डोकं वर धरता येईना, तेव्हापासून त्या प्रकाराला शर्मर्स नेक म्हणतात. दोनशेत सहसा तिथवर जात नाही, पण डोकं उचलायला हाताचा आधार लागायला लागला तर तिथेच थांबा, राईड सोडा. आणि सरावातच बोटांना मुंग्या येत असतील किंवा ब्रेक दाबताना पकड ढिली वाटत असेल तर स्टेम-बिम राहू द्या, आधी डॉक्टरला दाखवा.