रात्री दोनला नळ येतो तेव्हा

लातूरला आमच्या गल्लीत नळ आठवड्यानं येतो, आणि आला की बहुतेक रात्री दोनच्या पुढे. तोटी उघडी ठेवायची, खाली पातेलं पालथं घालायचं, म्हणजे पहिल्या धारेला जाग येते. मग उठून तोटीला फडकं बांधा, पाईप लावा, पिंपं भरेपर्यंत जागा. सकाळी सातला डबे तयार पाहिजेतच. या जागरणाचा मला इतका राग यायचा की भरलेल्या पिंपाकडे बघूनही बरं वाटायचं नाही. तो कसा उतरला, ते सांगते. तुमचा त्रास वेगळा असेल, पण रीत चालून जाईल.

आधी नीट चिडून घ्या. राग गिळून ‘देवाची कृपा’ म्हणायचं नाही. ते तोंडदेखलं होतं आणि दुसऱ्या दिवशी पोरांवर निघतं. मी पहिलं पिंप भरेपर्यंत मनातलं सगळं बोलून घेते. तेवढा वेळ पुरतो.

दुसऱ्या पिंपाला आठवायला लागायचं. ‘हे नसतं तर’ असं मोघम नाही, आपण स्वतः काढलेला एखादा दिवस धरायचा. माझा एप्रिल 2016 चा आहे. लातूरला पाणी पुरवणारं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. टाक्यांपाशी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लागली होती. मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला टाकीचे दहा डबे, साधारण पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात आम्ही परातीत बसून अंघोळ करायचो, तेच पाणी फरशीला आणि उरलं ते संडासात. सासूबाई पाहुण्याला पाणी देताना अर्धाच पेला भरायच्या आणि त्यांची मान खाली जायची. पाहुण्याला पेला भरून देता न येणं त्यांच्या फार जिव्हारी लागलं होतं. ती खाली गेलेली मान आठवली की हातातला पाईप मला जड वाटत नाही.

तिसरी गोष्ट, माणूस शोधा. नुसत्या पाण्याचे आभार मनात टिकत नाहीत, माणसाचे टिकतात. एका रात्री कोपऱ्यावर बॅटरीचा उजेड दिसला म्हणून गेले. व्हॉल्व्ह सोडणारे काका चेंबरपाशी पालथे पडलेले, खांद्यापर्यंत हात आत, बॅटरी दातात धरलेली. चावी अडकली होती. आमच्यानंतर अजून चार गल्ल्या सोडायच्या राहिल्या होत्या. मी ज्या जागरणावर चिडत होते, ते हा माणूस रोज करत होता. तेव्हापासून नळाच्या रात्री थर्मासमध्ये चहा असतो. आता ते फाटकावर चावी वाजवून सांगतात, “ताई, सोडलंय.” पातेलं पालथं घालणं बंद झालं.

दोन गोष्टी जपा. पाणी गढूळ आलं, वास आला, तर लेखी तक्रार करायचीच. कृतज्ञ माणसानं गप्प बसायचं असं कुठं आहे? आणि ही रीत दुसऱ्याला शिकवायला जाऊ नका. मी एकदा जाऊबाईंना रात्री अडीचला 2016 ची आठवण करून दिली. त्या काही बोलल्या नाहीत, डोळे मात्र भरले. गुडघे दुखत असताना दोन मजले घागरी चढवत होत्या त्या. त्यांना घागर उचलू लागायला हवं होतं. आता त्यांच्या दोन घागरी मी आधी वर नेते, मग माझं पिंप लावते.

रिकाम्या पिंपात पाणी धबधब पडतं, अर्ध्यावर आवाज बारीक होत जातो, काठाशी आलं की जवळजवळ थांबतो. अंधारातही कळतं, म्हणून मी दिवा लावत नाही. शेवटचं पिंप झालं की फडकं सोडून पिळते, एक तांब्या तुळशीला घालते आणि झोपते.