मुरघास का बिघडतो? या चुका टाळा

मुरघासाची, म्हणजे हवाबंद ठेवून आंबवलेल्या हिरव्या चाऱ्याची, बॅग उघडल्यावर गाईने तोंड फिरवलं की दोष मक्याच्या बियाण्याला नाहीतर कल्चरला (चाऱ्यात मिसळायच्या जिवाणूंना) दिला जातो. बहुतेक वेळा गुन्हेगार असते आत राहिलेली हवा. हवा नसली तर चाऱ्यातल्या साखरेवर लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू वाढतात, सामू (pH, आंबटपणाचं माप) 4 च्या आसपास येतो आणि चारा टिकतो. हवा राहिली की बुरशी ठरलेलीच.

सुरुवात कापणीपासून. पाऊस येईल म्हणून किंवा रान मोकळं करायचं म्हणून कोवळा मका कापू नका. कणसाचा दाणा नखाने दाबा. पातळ दूध उडालं तर थांबा, चीक घट्ट होऊन पिठूळ लागत असेल तर कापा. मग कुट्टी (बारीक कापलेला चारा) मुठीत अर्धा मिनिट आवळून धरा. पाणी निथळलं तर ओल जास्त आहे, चारा काही तास सुकू द्या. मूठ उघडताच भुगा सुटला तर उशीर झालाय. गोळा हळूहळू उलगडला आणि हात फक्त ओलसर झाला, तर ओल 65 ते 70 टक्के आहे असं समजा.

कुट्टी एक ते दोन सेंटिमीटरचीच हवी. यंत्राची पाती बोथट असतील तर लांब तुकडे पडतात, ते नीट दबत नाहीत. बॅग एकदम भरून वरून उड्या मारण्यात अर्थ नाही. अर्ध्या फुटाचा थर टाका, कडेकोपऱ्यापर्यंत तुडवा, मग पुढचा थर. खड्डा असेल तर ट्रॅक्टर फिरवा, आणि भरणं शक्यतो एका दिवसात उरका. दाब नीट नसेल तर महागडं कल्चरही काही करू शकत नाही. मक्यात साखर पुरेशी असल्याने त्यावाचूनही मुरघास उत्तम होतो. लसूणघासाचं मात्र वेगळं, त्यात साखर कमी म्हणून गूळ किंवा मळी (मोलॅसिस) लागते.

बॅगेला उंदराने पाडलेलं छिद्र दिसताच चिकटपट्टी लावा. 45 दिवसांआधी उघडू नका. उघडल्यावर रोज वरचा पूर्ण थर काढा, मध्येच खड्डा करू नका. पिवळसर हिरवा रंग आणि आंबटगोड वास म्हणजे जमलं. काळपट, चिकट, सडक्या लोण्यासारखा वास आला, किंवा बुरशी दिसली, तर तो भाग उकिरड्यावर टाका. गाभण गाईला तर चुकूनही घालू नका.

पहिल्या दिवसापासून पाटीभर घालू नका, चार-पाच किलोपासून वाढवत न्या. आणि गव्हाणीत टाकायचा तो धार काढून झाल्यावर, नाहीतर दुधाला वास लागतो.